आमच्या शेडमधला कोंबडा

सगळ्यात आधी एक सांगून टाकतो, न्हायतर मधेच गोंधळ व्हायचा. मी पोरगी हाय. कोल्हापुरात पोरी पण 'मी आलो', 'मी गेलो' असंच बोलतात. पुण्याला डिप्लोमाला होतो तवा होस्टेलच्या पोरी माझ्या मागं लागायच्या, "अगं, 'आलो' काय? 'आले' म्हण, 'आले'." मी म्हटलं, आलं चहात टाकतात. विषय संपला.

दुसरं, मी वेल्डर हाय. हे सांगितलं की लोक पहिल्यांदा माझ्या हाताकडं बघतात, मग आप्पांकडं बघतात, आणि मग म्हणतात, "लग्नाचं काय?" जसं काय ठिणगी उडून मंगळसूत्राची जागाच जळालीया.

आप्पा म्हणजे माझे वडील. त्यांचं आणि काकांचं मिळून एक शेड हाय, गावाच्या कडंला, हायवेच्या अलीकडं. काका सख्खे न्हाईत. पण दोघं एकाच ठिकाणी काम शिकले, एकाच वर्षी लग्नं केली आणि मग एकत्र शेड टाकलं, त्यामुळं सख्ख्यापेक्षा जास्त भांडतात. हंगामाच्या आधी उसाच्या ट्रॉल्या, उन्हाळ्याच्या तोंडाला पाण्याचे टँकर. मधल्या दिवसात जे येईल ते. गेट, जिना, गोठ्याचा सांगाडा. एकदा तर एका मंडळाला गणपतीसमोर हलणारा उंदीर केलता. हलला न्हाय, पण केलता.

आप्पा म्हणजे शेडचा हिरो. दोन गोष्टींमुळं. पहिली, टँकरचा आतला जोड. टँकर नुसता बाहेरनं वेल्ड करून भागत न्हाय, आतनं पण मारावा लागतो, न्हायतर पाणी झिरपतं आणि गिऱ्हाईक शिव्या घालत परत येतं. आत जायला वर एक गोल भोक असतं, माणूस अंग चोरून मावंल एवढं. त्याला आम्ही टँकरचं तोंड म्हणतो. आप्पा त्या तोंडातनं आत उतरायचे आणि तास तास आतच. बाहेर आम्हाला दिसायचा नुसता धूर. भोकातनं असा वर यायचा की जसं काय टँकर पाय पसरून बिडी ओढतोय. मग आप्पा काळं नाक घेऊन बाहेर यायचे आणि म्हणायचे, "पोटात घेऊन बसलंय मर्दा मला. सोडतच न्हवतं." आप्पांच्या आतल्या जोडातनं पाण्याचा थेंब गळला असं आजतागायत कुणी सांगावं.

दुसरी गोष्ट, हसणं. आप्पा हसले की पलीकडचा टायरवाला तिकडनं ओरडायचा, "काय झालं सांगा की आम्हाला पण!" जोक कळायच्या आधी हसायचे, कळल्यावर हसायचे, आणि रात्री जेवताना आठवून परत हसायचे. ठसका लागायचा, आई पाठीत धपाटा घालायची.

आता धुराचं म्हणाल तर धुरावर आमच्याकडं एकच इलाज. गूळ. चार वाजले की काम बंद, चहा, आणि प्रत्येकाच्या हातावर गुळाचा खडा. कोडोलीच्या बाजूच्या एका गुऱ्हाळवाल्याची ट्रॉली आप्पांनी केलती, तवापासनं ढेप त्याच्याकडनंच येते. काकांचं त्यावर भाषण ठरलेलं. "गूळ कसा असतोय, चिकट. घशात धूर बसलेला असतोय. गूळ जाताना धुराला मिठी मारतोय आणि घेऊन जातोय पोटात. आणि सकाळी..." सकाळी पुढं काय होतं ते काका हातानं दाखवायचे.

मी पुण्यात शिकून आलेला माणूस. धूर फुप्फुसात जातो आणि गूळ पोटात, एवढं मला कळत होतं. मी आल्या आल्या भांडून एक मोठा पंखा घ्यायला लावला, मागं जाड पाईप असलेला, धूर ओढून बाहेर टाकणारा. पंखा आला. आठवड्याभरात चहाच्या टेबलापाशी जाऊन उभा राहिला, तोंड आमच्याकडं करून.

"काका, त्यो धुरासाठी हाय."

"धूर जातोय की आपला आपण. त्याला काय पाहुणा म्हणून ष्टँडापर्यंत सोडायला जायचं?"

कोरोनातले मास्क पण होते. एकात काकांनी नटबोल्ट ठेवलेले. आणि मी? मी चार वाजता हात पुढं करून गूळ खात होतो. खरं सांगतो, गूळ चांगला होता.

गेल्या दिवाळीच्या आसपास आप्पा हसायचे बंद झाले.

असं एकदम न्हाय. आधी कमी झालं. मग एक दिवस आईनं केसाला मेहंदी लावली आणि सिरियलच्या नादात ती तीन तास डोक्यावरच राहिली. आईचे केस असे झाले, म्हणजे गाजर. शुद्ध गाजर. मी हसून हसून फरशीवर लोळलो. शेजारच्या काकू आल्या, बघून तशाच माघारी गेल्या, घरात जाऊन हसल्या, आम्हाला ऐकू आलं. आप्पा शेडवरनं आले, आईकडं बघितलं, आणि म्हणाले, "बरं हाय."

तोंडावर काही न्हाय. पाटी कोरी.

आईचं म्हणणं, हसले असते तर परवडलं असतं. तिनं अबोला धरला. आठ दिवस. ताट आपटून ठेवायची, आप्पा शांतपणे जेवायचे, त्यामुळं तिचा राग आणखी वाढायचा. "बघितलंस न्हवं? मी बोलत न्हाय ह्याचं सुदिक काय न्हाय ह्यांना."

शेडमध्ये काकांचं वेगळंच. काका जोक मारायचे, आप्पा नुसते बघायचे. "तोंडाला पुट्टी मारलीयास काय रं?" काका म्हणायचे. मग मला बाजूला घेऊन, "तू डिप्लोमा झाल्यापासनं तुझा बाप साहेब झालाय बघ. आमचे जोक चालत न्हाईत आता."

मग अक्षर. आप्पा पत्र्यावर खडूनं मापं लिहायचे, लांबनं वाचता येतील अशी टपोरी. ती बारीक होत गेली. शेवटी शेवटी मुंग्या चालल्यासारखी. काका चष्मा पुसून पत्र्याला नाक लावायचे. "खडू पुरवून पुरवून वापरतोय ह्यो. सोन्याचा हाय न्हवं!"

आणि मग चालणं. आप्पा चवड्यावर चालायला लागले. टाच टेकायचीच न्हाय. दोन्ही हात कोपरात दुमडलेले, छाती पुढं, पाय उचलून उचलून. काकांनी पहिल्यांदा बघितलं आणि शेडच्या या टोकापासनं त्या टोकापर्यंत ऐकू जाईल असं ओरडले, "आला आला, कोंबडा आला! झाका रं पिल्ली!"

बस्स. त्या दिवसापासनं शेडमध्ये आप्पांचं नाव कोंबडा. मी पण म्हणायचो. तोंडावर न्हाय, पण म्हणायचो.

आप्पांना इचारलं की उत्तर तयार. "चप्पल नवी हाय. चावतीया."

आता हे आम्ही कुणीच खोटं कसं मानणार? कोल्हापुरात माणूस वाकडा चालला की पहिलं पायाकडं बघतात. नवी चप्पल पंधरा दिवस चावणारच, तिचा हक्क हाय तो. आईचा राग अजून गेला न्हवता, तरी तिनं न बोलता चपलेला तेल लावलं. परत लावलं. तिसऱ्यांदा लावलं तवा चप्पल एवढी मऊ झाली की भजी तळून काढल्यासारखी दिसायला लागली. आप्पांची चाल तीच.

आणि ह्या सगळ्यात मी काय केलं? मी व्हिडिओ केला.

आप्पा शेडमधनं चाललेत, पाठीमागनं शूट, खाली आरवायचा आवाज. कुकूऽऽचकू. एकदम पायाच्या ठेक्यावर बसवला, अर्धा तास घालवला त्यात. स्टेटसला टाकला, नातेवाईकांच्या ग्रुपवर टाकला. मावशीनं अकरा हसरी तोंडं पाठवली आणि एक कोंबडी. आत्याच्या सुनेनं लिहिलं, रस्सा कवा? तो व्हिडिओ आप्पांनी पण बघितला. माझ्याच फोनवर, माझ्यासमोर. बघून फोन परत दिला. मी मनात म्हटलं, चला, राग न्हाय आला.

सगळ्यांकडं आपापलं कारण होतं. आईचं कारण राग. काकांचं कारण माज. माझं कारण त्यांचं वय. आप्पांचं कारण चप्पल. कुणाचंच एकमेकाशी जुळत न्हवतं आणि कुणाला त्याचं काही पडलं पण न्हवतं.

मग तो टँकर आला.

गिऱ्हाईक गडहिंग्लजच्या बाजूचं. बोलण्यात निम्मं कानडी, आप्पांना अण्णा म्हणायचे, मला अक्का. "अक्का, उन्हाळ्याच्या आत पायजे बघा. गावाला पाणी न्यायचं हाय." टँकर बाहेरनं पुरा झालता. दोन्ही टोकाच्या गोल डिशा लावून, वेल्ड करून, घासून चकाचक. आतला जोड तेवढा राहिलता. तो आप्पांचा.

त्या दिवशी हे गिऱ्हाईक, म्हणजे पावणं, टँकर बघायला आलते. आप्पा टँकरच्या बाजूला उभे राहिले, काम लांबनं कसं दिसतंय बघायला दोन पावलं मागं सरकले, आणि पडले. पण माणूस पडतो तसे न्हाय. हात टेकला न्हाय, वळले न्हाईत, अंग आवळलं न्हाय. शिडी पडते तशी, सरळ, मागच्या मागं, वाळूच्या ढिगात.

सगळे हसले. मी खोटं बोलत न्हाय, मी पण हसलो. काकांनी तर, "कोंबडा खुराड्यात गेला रं!" असं काय काय चालू केलं.

आप्पा वाळूत पडून वरच्या पत्र्याकडं बघत होते. तोंडावर काहीच न्हाय. दुखलं, लाज वाटली, राग आला, काहीच. थोड्या वेळानं म्हणाले, "उचला की."

ते 'उचला की' ऐकलं आणि माझं हसू अर्ध्यातच बंद झालं. आमचा बाप वाळूत पडलाय आणि त्याला उठता येत न्हाय.

संध्याकाळी घरी आलो. आप्पा पाय धुऊन मोरीतनं खोलीत आले. मी खाली बसून भाजी निवडत होतो, त्यामुळं माझी नजर बरोबर त्यांच्या पायावर. अनवाणी पाय. टाच वर, चवडे खाली. टक, टक, टक.

चप्पलच न्हवती पायात. मग चावत काय होतं?

मी आईला म्हटलं, "आई, तेल बंद कर."

गल्लीतल्या डॉक्टरनं बघितलं आणि सरळ मेंदूच्या डॉक्टरकडं चिठ्ठी दिली. आप्पा काय ऐकायला तयार न्हाईत. "चक्कर आलती. त्या दिवशी गूळ खाल्ला न्हवता." मग आम्ही नाटक केलं. आईचं डोकं दुखतंय, तिला दाखवायचं हाय, तुमी नुसतं सोबत चला. आईनं असं काय डोकं धरलं की मलाच शंका आली. तिथं नंबर पुकारला तो आप्पांच्या नावानं. आप्पांनी आमच्याकडं वळून बघितलं. "फसवलंसा व्हय?" तोंडावर काहीच न्हवतं, त्यामुळं चिडले का कौतुक वाटलं, कळायला मार्ग न्हवता.

डॉक्टर बाई होत्या. बारीक अंगाच्या, बोलणं शिस्तीचं. आप्पांना बोटं आपटायला लावली, लिहायला लावलं, चालायला लावलं. मग मागं उभं राहून खांदे धरून जरा ओढलं, तर आप्पा तसेच त्यांच्या अंगावर. बाई तयारीत होत्या, धरलं.

"असं कधीपासून चालतात?"

आई म्हणाली, "दिवाळीपासनं असंल."

आप्पा म्हणाले, "चप्पल घेतल्यापासनं."

बाई म्हणाल्या, "नक्की कधी, आणि तेव्हा कसं चालत होते, हे कळलं तर बरं होईल. आत्ताशी ताडून बघता येईल."

आणि माझ्या तोंडातनं निघून गेलं, "माझ्याकडं व्हिडिओ हाय."

म्हटलं आणि लगेच कळलं काय म्हटलं ते. पण बाईंनी हात पुढं केलता. मी आवाज कमी करायला गेलो आणि गडबडीत वाढवला. त्या शांत खोलीत, भिंतीवर मेंदूचं चित्र, त्याच्याखाली माझा फोन ओरडला, कुकूऽऽचकू! बाहेर बाकावर बसलेलं कुणीतरी फिस्सकन हसलं. आईनं पदर तोंडात घातला. जमीन फाटली असती तर मी उडीच मारली असती.

बाईंनी व्हिडिओ तीनदा बघितला. तिन्ही वेळा आवाजासकट.

"हा आवाज कोणी टाकला?"

"मी."

"का?"

"म्हणजे... शेडमध्ये आप्पांना सगळे..." मी आप्पांकडं बघितलं न्हाय. "कोंबडा म्हणतात."

बाईंनी पेन खाली ठेवलं. मला वाटलं, आता बसतंय. तर त्या म्हणाल्या, "आमच्या पुस्तकात ह्या चालीला हेच म्हणतात. कोंबड्याची चाल." आणि लगेच समोरचा कागद उलटून बघितला. "इथं व्यवसायात 'बिझनेसमन' लिहिलंय. कसला बिझनेस?"

तो कागद आईनं भरलेला. मोठ्या दवाखान्यात आलोय, वेल्डर काय लिहायचं, म्हणून.

"वेल्डिंग," आप्पा म्हणाले.

"उघड्यावर की बंद जागेत?"

"टँकरात. आतनं."

"मास्क?"

"गूळ खातो की."

बाई हसल्या न्हाईत. आप्पांना म्हणाल्या, "काका, गूळ जातो पोटात आणि धूर जातो फुप्फुसात. दोघांची भेट होणार कुठं?" मग त्यांनी सरळ सांगितलं. वेल्डिंगच्या रॉडमध्ये मँगनीज नावाचा धातू असतो. धुरातनं तो अंगात जातो, बंद जागेत लई जास्त जातो, आणि मेंदूत जिथनं चालणं-वळणं-हावभाव चालतात तिथं जाऊन बसू शकतो. प्रत्येक वेल्डरला होतं असं न्हाय. "आणि धुरानंच झालंय असं मी आज लिहून देणार नाही. मेंदूचा फोटो काढू, रक्त तपासू, दुसरी कारणंही बघू. गोळी देते, किती उपयोग होईल ते घेतल्यावरच कळेल. गेलेलं सगळं परत येईल असं मी म्हणत नाही. पण काही निघालं तरी धूर आजपासून बंद. टँकरमध्ये आता उतरायचं नाही."

आई वेगळ्याच गोष्टीवर अडकलेली. "डॉक्टर, ह्यांचं ते तोंड... हसत न्हाईत ते?"

"तोंडाचे स्नायू साथ देत नाहीत. मनात हसू येत असणार, चेहऱ्यावर उमटत नाही."

"म्हणजे हे आतल्या आत हसत होते?"

"शक्य आहे."

आई आप्पांकडं वळली. "माझ्या केसांना हसलासा तुमी?"

आप्पांनी आईच्या केसांकडं बघितलं. मग सपाट आवाजात, "लई हसलो."

आई रडायला लागली आणि रडता रडता त्यांच्या दंडावर एक चापट मारली. "मग सांगायचं न्हाय व्हय तोंडानं! आठ दिस मी उगंच ताटं आपटली!"

फोटो निघाला. मेंदूच्या आत दोन्ही बाजूला पांढरट दिसत होतं. बाई म्हणाल्या, धुराशी जुळतंय. दुसरं कारण त्यांना काही सापडलं न्हाय. मला त्या फोटोकडं बघून एकच वाटलं, तिथं आत पण वेल्डिंग झालंय.

आता टँकर. पावण्यांचे फोन चालू. "अक्का, एवढं झालं की न्हाय?" दोन दिवसांनी सकाळी मी शेडवर पोचलो तर आप्पा आधीच तिथं. एका हातात वेल्डिंगचा होल्डर, एक हात शिडीला, एक पाय पहिल्या पायरीवर. काका बाजूला उभे, हाताची घडी घालून, जमिनीकडं बघत. काकांना मी घरी जाऊन सगळं सांगितलं होतं. तेव्हापासनं त्यांनी एकही जोक केला न्हवता, आणि जोक न करणारे काका फार भयानक दिसतात.

"आतला जोड तेवढा राहिलाय," आप्पा म्हणाले. "एवढा मारतो. मग बंद."

'मग बंद' हे मी तंबाखू खाणाऱ्या मामाकडनं पण ऐकलंय. मी होल्डर त्यांच्या हातनं काढून घेतला. काढून घ्यायला जोर लागलाच न्हाय, हे मला आवडलं न्हाय. शिडीला लागलो.

"कुठं?"

"आत. मी मारतो जोड."

"खाली ये."

"का? गूळ खाल्लाय की मी."

"पोरी, खाली ये म्हटलं न्हवं."

"तुमी इतकी वर्षं गेला की आत. तुमाला चालतंय, मला चालत न्हाय? बघा काका, वेल्डिंगला बाईमाणूस चालत न्हाय आपल्यात."

मी तिसऱ्या पायरीवर होतो. आप्पांनी माझा घोटा धरला. होल्डर धरणाऱ्या हातात जोर न्हवता, पण ह्या हातात कुठनं आला कुणास ठाऊक. मी खाली बघितलं. तेच कोरं तोंड. पापणी पण हलत न्हवती. पण घोट्यावर बोटं अशी रुतलेली की संध्याकाळपर्यंत वळ होते.

मी थांबलो. तेपण थांबले. शेवटी म्हणाले, "खडू दे."

काकांनी खिशातनं खडू काढून दिला. आप्पा टक टक करत टँकरच्या मागच्या टोकाला गेले, गोल डिशीवर काहीतरी लिहिलं आणि बाजूला झाले. काका गेले, चष्मा पुसला, वाकले, नाक लावलं.

"काय लिहिलंय रं?"

"वाच की."

काकांनी वाचलं आणि सरळ झाले. "काप?" ते म्हणाले. "डिश काप? आरं मर्दा, झालेला टँकर हाय! जोड बघ तुझा, आरशागत हाय. ह्यो कापायचा?"

"काप," आप्पा म्हणाले. "मागनं उघडा करा. आतलं काम उघड्यात करा. डिश शेवटी लावा, बाहेरनं. त्यो पंखा आणा तिकडचा, पाईप वरच्या तोंडात घाला. धूर तिकडनं ओढू दे." मग जरा थांबून, "हे आधीच करायला पायजे होतं. माझ्या अंगात आतला जोड मारायचा माज होता."

इतक्या वर्षांत एवढं लांब वाक्य आप्पा फक्त शिव्या देताना बोललेले.

काकांनी स्वतः कापलं. कापताना नाक ओढत होते, म्हणाले धूर जातोय. शेवटची डिश बाहेरनं लावली तर तिचा आतला काठ कसा मारायचा, ह्यावर दोघांची नंतर दोन दिवस भांडणं झाली, मग आप्पांनीच काठाला पट्टी बसवायचं डोकं लढवलं आणि पाणी भरून दाखवलं. थेंब न्हाय. पावणं आलते बघायला. "अण्णा, झालेला फोडून परत केलासा? याडबीड लागलं काय?" आप्पा म्हणाले, "व्हय. डॉक्टरची चिठ्ठी हाय माझ्याकडं."

पंखा गेल्यापासनं चहाच्या टेबलावर माश्या झाल्यात. मी आत काम करताना दोन्ही बाजूला गोल डबे असलेला मास्क लावतो. काकांनी पहिल्या दिवशी बघितलं आणि त्यांचा आवाज परत आला, "बाप कोंबडा, लेक डुकरीण! शेड न्हाय, जनावरांचा बाजार झालाय!" मग दुसऱ्या दिवशी मुकाट्यानं स्वतःसाठी एक मागवायला सांगितला. चारचा गूळ चालू हाय. आता तो नुसता चवीला.

गोळ्या चालू हाईत. थोडा फरक हाय, असं आई म्हणते. मला रोज दिसत न्हाय. एकदा परत पडले, घरामागच्या गोठ्याच्या दारात. आईनं घरातला एक नियम केलाय: हसू आलं की तोंडानं सांगायचं. त्यामुळं आता जेवताना काकांचा एखादा जोक झाला की सगळे हसतात, आणि जरा वेळानं आप्पांचा सपाट आवाज येतो, "हसलो." मग आम्ही परत हसतो.

तो व्हिडिओ मी पुसून टाकणार होतो. बाईंनी नको म्हटलं. उलट दर महिन्याला एक काढायचा, तीच जागा, तेवढीच पावलं, म्हणजे फरक कळंल. ग्रुपवरनं मात्र काढला. मावशीला फोन करून सांगितलं, तर ती कोंबडी पाठवल्याबद्दल एवढी रडली की मलाच तिला समजवावं लागलं.

ह्या महिन्याचा परवा काढला. नवा टँकर उभा होता, मागनं उघडा, पंखा सुरू, आत माझं काम अर्धं झालेलं. आप्पा खुर्चीवरनं उठले आणि चालायला लागले. टक, टक, टक. टँकरच्या उघड्या टोकापाशी त्यांनीच खडूनं जमिनीवर एक रेघ ओढलेली हाय. रेघेपाशी थांबले. आत वाकून माझा जोड बघितला. बराच वेळ बघितला. मला फोनमधनं दिसत होतं, उजवा पाय जरा पुढं सरकला, रेघेला लागला. मी शूटिंग बंद केलं न्हाय.

पाय मागं आला. मग छोटी छोटी सहा पावलं घेऊन ते वळले आणि खुर्चीकडं निघाले.

"जोड कसा हाय?" मी मागनं ओरडलो.

"शेवटाला जरा वाकडा."

संध्याकाळी बाईंना पाठवायच्या आधी मी त्यांना व्हिडिओ दाखवला. बिनआवाजाचा, डॉक्टरला पाठवायचा तसा. आप्पांनी शेवटपर्यंत बघितला, फोन माझ्या हातात दिला.

"आवाज कुठाय?"

"डॉक्टरला पाठवायचाय आप्पा."

"मग? त्यांनी तीनदा ऐकलाय की. टाक. बिनआवाजाचा कसला कोंबडा?"

मी टाकला. पायाच्या ठेक्यावर बसवला, अर्धा तास लागला. आप्पा शेजारी बसून होते. लावून दाखवला. कुकूऽऽचकू.

मी त्यांच्या तोंडाकडं बघत बसलो.

"हसलो," ते म्हणाले.